चांदभाईचं नाक

नवसागर म्हंजे लई बेइमान चीज. तापल्या भांड्यात चिमूटभर टाकला की पांढरा धूर निघतो, भांडं आरशावानी लख्ख हुतं, आन तो धूर कल्हईवाल्याच्या नाकात जाऊन मुक्काम करतो. एक वरीस, दोन वर्सं काय वाटत न्हाई. धा-बारा वर्सं झाली की मग नाक शिंकायच्या कामाचं तेवढं राहतं.

सुप्याच्या चांदभाई कल्हईवाल्याचं तसंच झालतं. नाक दिसायला झोकात, राघूच्या चोचीवानी. पन आत समदा शुकशुकाट. डाळ करपली तरी पत्ता न्हाई, रॉकेल सांडलं तरी पत्ता न्हाई. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक. एक त्याला, दुसरी त्याच्या बायकोला, जहिराला. आन गंमत बघा, दोघांनी एकमेकांपाशीसुदीक ती कधी काढली न्हवती.

काढायची गरजच पडली न्हाई. भाता जहिराच्या हातात असायचा. बाजारात पुंजारामच्या चहाच्या हाटेलाम्होरं लिंब हाय, त्याच्या बुडाला चांदभाईच्या बापानं खांदलेला भट्टीचा खड्डा. त्या खड्ड्याच्या अल्याड चांदभाई, पल्याड जहिरा. कल्हईत समदा खेळ वासाचा. नवसागराचा उग्र वास बसला आन तापल्या तांब्याचा वास वर आला, की त्याच घडीला कथील फिरवायचं. आधी फिरवलं तर गोळे धरतं, मागनं फिरवलं तर भांडं काळं पडतं. तो वास आला की जहिरा भाता दोनदा बारीक मारायची. भुस्स-भुस्स. चांदभाई कथलाची कांडी फिरवायचा. गिऱ्हाईक म्हनायचं, "काय अंदाज हाय गड्याचा!" चांदभाई मिशीवरनं हात फिरवायचा. जहिरा खाली राखंत बघायची. अशी वीस वर्सं गेली. लेक हसीना मोठी झाली, लगीन होऊन श्रीगोंद्याला गेली, तरी भुस्स-भुस्सचं बिंग काय फुटलं न्हाई.

मग बाहत्तर साल आलं.

त्या सालाचं काय सांगायचं! ज्यांनी बघितलं त्यांना सांगाय लागत न्हाई, आन न्हाई बघितलं त्यांना पटत न्हाई. हिरी कोरड्या. खायाला सरकारी लाल मिलो, त्याची भाकर थापली की कडा फुटायच्या. लोकांनी पहिल्यांदा जनावरं काढली, मग घरातली भांडी काढली. हंडे, घागरी, पराती, समदी तांब्या-पितळंची लक्षुमी मोडीत गेली. आन तिच्या जागेवर काय आलं? तर कचकड्याची, म्हंजे पलास्टिकची बादली. लाल, हिरवी, निळी. कचकड्याचा तांब्या, कचकड्याचं डबडं. वजनाला हलकी, डोईवर दोन मैल आनायला बरी. बायांनी गुमान घेतली.

आता कचकड्याला कुठनं कल्हई?

भट्टीत राख गार पडली. दोन बाजार तसेच गेले. तिसऱ्या बाजाराच्या आदल्या दिशी जहिरानं पदर खोचला, फडकं बांधलं आन पारनेर रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडाय गेली. "दुसरं काय करावं, सांगा तुमीच," एवढंच म्हनली. आठ दिसांनी ती घरी भाकर थापीत असताना चांदभाईनं तिचे हात बघितले. वीस वर्सं भात्याची मूठ धरून मऊ घट्टे पडलेले हात ते. आता चिरा पडल्या हुत्या, बोटाला चिंध्या बांधल्या हुत्या, आन पिठात रगत लागू नये म्हनून ती तीन बोटांनी भाकर फिरवीत हुती.

चांदभाई जेवला न्हाई. भिंतीला टांगलेला भाता काढला, चामड्याला तेलाचं बोट लावलं, आन मनाशी म्हनला, हिला पुन्हा ह्याच्यावर आनून बसवली न्हाई तर मी बापाच्या खड्ड्यात बसायच्या लायकीचा न्हाई.

बाजारच्या दिशी तो एकटाच लिंबाखाली जाऊन बसला. पुंजाराम कपबशा विसळत हुता, त्याला टोमना मारल्याबगर चहा उकळत न्हाई.

"काय चांदभाई, आज कथील फिरवायचं का माश्या?"

"फिरवू की. तुझ्याकडच्या आन दोन-चार."

"आरं, भांडी ऱ्हायली कुठं आता? आता कचकड्याला कल्हई कराय शिका!"

हाटेलातले दोन-चार दात काढून हसले. चांदभाईच्या कानशिलापतूर रगत चढलं. "करीन!" तो म्हनला. "कचकड्यालाबी करीन. घिऊन या कुनाची फुटकी बादली हाय ती!"

आता त्याला काय ठाऊक? काय न्हाई. पन शब्द गेला. आन नशीब बघा, गावातली मालनबाई तेवढ्यात तिथनं चालली हुती. तिची लाल बादली बुडाला तडकलेली, मातीचा लपका लावून वापरत हुती. तिनं बादली म्होरं ठिवली. "भाऊ, बिघडली तर बिघडली. अशीबी गळतीच हाय."

चांदभाईनं लोखंडाची पट्टी तापवली. किती तापवायची? कापसाचा बोळा टेकवून बघितला. करपला तर लई झाली, थोडा पिवळा पडला तर बरी. उष्णतेचा अंदाज त्याच्या हातात हुता, नवसागरानं नाक खाल्लं, हात न्हाई खाल्ले. पट्टी तडकीवरनं हळूहळू वढली. कचकडा मेनावानी इतळला, दोन्ही कडा एकमेकींत गेल्या. वरनं त्याच बादलीच्या काठाची पातळ साल लावली, पुन्हा पट्टी फिरवली. गार झाल्यावर मालनबाईनं पुंजारामच्या माठातलं तांब्याभर पानी ओतलं. थेंब न्हाई.

"अगं बया!" मालनबाई म्हनली. पुंजारामचा चहा उतू गेला.

त्या दिशी सात बादल्या झाल्या. चांदभाई घरी आला तो छाती काढून. "जहिरा, चार दिस दम धर. ते खडीचं काम सुटलं म्हन. एक-दोन बाजार गेले की भात्यावर बसायचं तू."

"खरंच?" ती म्हनली, आन बोटाची चिंधी सोडून पुन्हा बांधली.

पुढच्या बाजाराला लिंबाखाली रांग लागली. सुप्याचीच न्हाईत, पार वाडेगव्हाणची मानसं आली. काय काय आनलं हुतं लोकांनी! आन चांदभाईच्या लेखी समदा कचकडाच. कचकडा म्हंजे कचकडा, त्यात काय मराठा-माळी हाय?

पहिला आला सूर्यभान, पिठाच्या गिरनीवाला. त्याच्या गिरनीचं काळं बटन दुभंगलं हुतं. चांदभाईनं पट्टी टेकवली. इतळंना. आनखी तापवली. इतळंना. भाता मारून लाल केली, तर बटनाचा कोळसा झाला आन तुकडा सुटून पुंजारामच्या बरनीत पडला.

"बटन दुभंगलं हुतं," सूर्यभान म्हनला, "आता तिभंगलं."

दुसरी एक म्हातारी कपाळावर हात मारीत आली, नातीची फनी मोडलेली. पिवळी, पारदर्शक, छान हुती. चांदभाईनं पट्टी जवळ न्यायला आन फनीनं भस्सदिशी पेट घ्यायला गाठ पडली. अशी पेटली जशी होळीत गवरी. चांदभाईची आर्धी मिशी गेली. म्हातारी म्हनली, "आरं मेल्या, एवढा कापराचा वास सुटलाय, तुला कळाला न्हाई व्हय?"

चांदभाईनं कानाडोळा केला.

तिसरी आली चप्पल, पट्टा तुटलेली. तिच्यावर पट्टी ठिवली आन असा तिखट धूर निघाला की रांग मोडली. पुंजाराम खोकत बाहेर पळाला. कुनाच्या डोळ्यांला धारा, कुनी पदर तोंडाला. आन ह्या गर्दीत चांदभाई एकटा पाय रोवून बसलेला, नाकाखाली धूर, तोंडावर रेघ न्हाई, "काय झालं? काय झालं?" इचारतोय.

लोक हसले. मग ज्यांना हसाय आलं न्हाई त्यांनी आपापल्या मोडक्या चिजा उचलल्या आन गेले.

एक पोरगा मागं थांबला. पोरगा म्हंजे पंचविशीचा बाप्या, राधाकृष्ण त्याचं नाव. पिंपरीला बादल्या पाडायच्या कारखान्यात दोन वर्सं साच्यावर हुता, कामगारकपात झाली तसा घरी आला, आन आता रस्त्याच्या कामावर हजेरी मांडत हुता.

"चाचा," तो उकिडवा बसून म्हनला, "कचकडा ही एक जात न्हाई वो. ती भावकी हाय. भावकी एक, पन चुली येगळ्या."

"म्हंजे?"

"म्हंजे असं बघा. काही मेनावानी असत्यात. तापवलं की इतळतं, गार झालं की बसतं, पुन्हा तापवा, पुन्हा इतळतं. बादली त्यातली. पालथीन म्हनत्यात कारखान्यात. आन काही भाकरीवानी. एकदा भाजली की भाजली. पुन्हा तव्यावर टाकली तर तिचं पीठ हुतंय का? कोळसाच हुनार. सूर्यभानतात्याचं बटन त्यातलं. बेकलाईट. कुकरच्या मुठी, विजेची बटनं, समदी भाकरीची भावकी. ती चिकटत न्हाई, सोडून द्यायची."

"आन फनी?"

"ती कापसापासनं आन कापरापासनं करत्यात. तिला इस्तू दावायचाच न्हाई. आन चप्पल, विजेच्या वायरीवरचं टरफल, रेक्झिनची पिशवी, ही पीव्हीसी. ती इतळती, पन लई तापली की तिखट सुटती. तिला पट्टी मंद पायजे. आन महत्त्वाचं म्हंजे, चाचा, ह्या चुलीची भाकर त्या चुलीवर चालत न्हाई. पालथीनला पालथीनच जुळतं, पीव्हीसीला पीव्हीसी. एकाला दुसरं लावलं तर वरनं चिकटल्यावानी दिसतं, हात लावला की सुटतं."

"वळखायचं कसं पन? दिसाय तर समदं सारखंच."

"सोपं हाय. बारीक साल काढायची, पेटवायची, इझवायची, आन वास घ्यायचा."

चांदभाईनं नाकावरनं हात फिरवला.

राधाकृष्णानं खिशातनं एक जुडगा काढला. कारखान्यातला. सुतळीत वोवलेले कचकड्याचे दहा-बारा तुकडे, चाव्यांच्या जुडग्यावानी. "हा घ्या. सराव करा. चार दिसात नाक तयार हुतंय."

"हुतंय की," चांदभाई म्हनला. दुसरं काय म्हननार?

घरी आल्यावर त्यानं जुडगा जात्यावर ठिवला आन तुकड्यांचे रंग पाठ कराय बसला. हिरवा म्हंजे हे, पिवळा म्हंजे ते. जहिरा कामावरनं आली, खडीच्या धुळीनं पांढरीफेक झालेली. तोंड धुवायला वंजळभर पानी घेतलं, बाकीचं जपून ठिवलं, आन चुलीपाशी बसली.

"रंग पाठ करून काय हुनार?" ती म्हनली. "बादल्या लालबी असत्यात आन चपलाबी लाल असत्यात."

"तू तुझी भाकर बघ."

तिनं भाकर बघितली. मग एक तुकडा वढला, सुरीनं साल काढली, चुलीत धरली, फुंकून इझवली, नाकापाशी नेली. "हा मेन्या," ती म्हनली. "इझवलेल्या मेनबत्तीवानी."

चांदभाईनं जुडगाच तिच्याम्होरं सारला.

दुसरा तुकडा नायलॉनच्या दोराचा. "हा केसाळ. केस जळल्यावानी, लोकरीवानी. हिरीवर आता कासऱ्याच्या जागी जो दोर आलाय ना, त्यो हाच." तिसरा, खडखड वाजनाऱ्या कपाचा, काळ्या जाळ्या सोडीत जळाला. "हा फुलवाला. झेंडू गोड झाल्यावानी." राधाकृष्णाच्या फाटक्या टेरिलीनच्या शर्टाची चिंधीबी सुतळीत हुती, तीबी गोडूसच, पन मनी होऊन टपकली. ती झाली "मन्या". वायरीचं टरफल लागलं तशी ती लांब सरकली, "हा आंबट्या. घशाला झोंबतोय." आन बटनाचा काळा तुकडा हुंगून हसलीच. "हा दवाखाना! कंपाउंडर जी बाटली फरशीवर वततो ना, तसाच वास."

अशी बारशी झाली समद्यांची. चुलीपुढं बसून एवढी हसली ती, लई दिसांनी. मग हळूच म्हनली, "हसीनाचे अब्बा, मी बसते ना बाजारात. मी हुंगते, तुमी जोडा."

"आन लोक काय म्हनतील? चांदभाईचं नाक बायकोकडं गहाण हाय?" तो उठलाच. "लोकांम्होरं मी नाक उसनं घ्यायचं न्हाई. जिंदगीत मी कुनापाशी नाक घासलं न्हाई, आन आता—"

"घासायचं कुठं म्हनलंय मी. हुंगायचं म्हनलंय," जहिरा म्हनली. आन ताटली म्होरं सारली. तेवढ्यावर ते थांबलं.

सहाव्या दिशी दुपारी, ऊन असं की कावळा झाडावरनं उठत न्हवता, राधाकृष्ण सायकल हानीत आला. "चाचा, भाता घ्या आन चला! कामावर नळी फुटलीया."

आता ही नळी काय ते सांगितलं पायजे. रस्त्याच्या कामावर सहा-सातशे मानूस खडी फोडत हुतं. खाली ओढ्याकाठच्या एका हिरीला तेवढं पानी. तिथं इंजान बसवलं हुतं, आन बोटभर जाडीच्या न्हवं, चांगल्या मनगटाएवढ्या काळ्या नळीतनं पानी वर माळावरच्या लोखंडी टाकीत चढायचं. काम करनारे पियाचे, आन साजंला वाडीवरच्या बाया घागर भरून न्यायच्या. त्या नळीवरनं सकाळी खडीचा ट्रक गेला. दोन हात नळी चपटून फाटली.

चांदभाई भाता आन तवा घिऊन पोचला तर टाकीखाली बाया मोकळे तांबे घिऊन बसल्या हुत्या. मुकादम सहादेव कमरंवर हात ठिवून उभा. सहादेव मानूस वाईट न्हाई, पन घसा मोठा.

"नगराहून नळी यायला चार दिस, साहेब म्हनतो," सहादेव वरडला. "चार दिस ह्या मानसांनी काय खडी प्यायची? जमल का रं तुला? का मिशी गेली तशी नळीबी घालवशील?"

"जमल."

"शेडमधी दोन तुकडे पडल्यात काळे. कंच्यातलाबी घे."

दोन तुकडे म्होरं आले. दोन्ही काळे. दोन्ही मनगटाएवढे. एक वाईच चकचकीत, एक वाईच मळका. चांदभाईनं दोन्हींची साल काढली, पेटवली, नाकापाशी नेली. शंभर मानसं बघत हुती. त्यानं मोठा श्वास घेतला, अगदी जानकारावानी, आन आत काय आलं? तर वारं.

गर्दीत खडीच्या ढिगावर जहिरा उभी हुती. हातात हातोडा. त्यानं बघितलं आन डोळे फिरवले.

"हा," त्यानं चकचकीत तुकड्याला हात लावला. "हा मेन्या हाय."

राधाकृष्ण हिरीवर इंजानापाशी गेलता, न्हाईतर त्यानं तरी अडवला असता. चांदभाईनं नळीचं फाटलेलं अंग कापून काढलं, खड्डा उकरून भट्टी पेटवली, तवा तापवला, कापसाचा बोळा टेकवून बघितला. नळीचं एक तोंड तव्याच्या एका अंगाला, तुकड्याचं तोंड दुसऱ्या अंगाला. नळी बरूबर इतळली. तुकड्याकडनं मात्र धूर निघाला. मानसं मागं सरली. खोकाय लागली. चांदभाईला दिसत हुतं, कळत हुतं की कायतरी चुकलंय, पन आता हात मागं घ्यायचा कसा? त्यानं तवा काढला, तोंडाला तोंड दाबलं, दोन्हीकडनं सांधलं, गार केलं. दिसाय झकास दिसलं.

"सोड रे पानी!"

खाली इंजान धडधडलं. नळी फुगली. आन ते तुकड्याचं टवकं असं उडालं की सहादेवाच्या पागोट्याला लागून पलीकडं गेलं. पानी भसाभसा मुरुमात. बाया घागरी घिऊन धावल्या, पानी मातीनं कवाच पिऊन टाकलं. इंजान बंद करस्तवर हिरीचं आर्ध्या दिसाचं पानी गेलं.

कुनी वरडलं न्हाई. ते लई वाईट. एक म्हातारी वल्ल्या मातीवर हात टेकून तो हात कपाळाला लावत हुती.

चांदभाई त्या वल्ल्या मातीकडं बघत उभा राहिला. मनात आलं, भाता उचलावा आन घरी जावं. मग त्याची नजर ढिगाकडं गेली. जहिरा तिथंच. हातोड्याच्या दांड्याला बांधलेली चिंधी लाल झालेली. आन ती रागानं न्हाई बघत. ती नुसती थांबली हुती, भात्यावर बसल्यावर थांबायची तशी, वास यायच्या आधी.

त्यानं घसा खाकरला. मोठ्यानं म्हनला, समद्यांना आईकू जाईल असं.

"मुकादम, चूक माझी हाय. मला वास येत न्हाई. आजच न्हाई, वीस वर्सं येत न्हाई. नवसागरानं नाक मेलंय माझं. तुमच्या आयाबहिनींच्या भांड्यांला कल्हई केली ती माझ्या हातानं, पन नाक हिचं हुतं." आन बोट केलं. "जहिरा, खाली ये. हातोडा टाक तिथंच."

सहादेव म्हनला, "आता बाईमानूस काय—"

"गप रं सहादेव," मालनबाई मागनं बोलली. तीबी कामावर हुती. "तुझं नाक लई मोठं हाय, तू सांग मंग कंचा तुकडा कंचा ते!"

बाया फिदीफिदी हसल्या. जहिरा खाली आली. पदर दातात धरला, दोन्ही तुकड्यांची साल घेतली. पहिली हुंगली, तोंड वाकडं केलं. "आंबट्या." लांब फेकली. दुसरी, मळक्या तुकड्याची. इझवून नाकापाशी धरली, डोळे मिटले. मग नळीची साल घेतली, तीबी हुंगली. पुन्हा एकदा तुकडा, पुन्हा एकदा नळी. घाई न्हाई.

"दोन्ही मेन्या," ती म्हनली. "एकाच चुलीवरचं."

"बस भात्यावर," चांदभाई म्हनला.

ती बसली. हाताच्या चिंध्यांसकट मूठ धरली. भट्टी फुलली. चांदभाईनं आधीची खराब झालेली तोंडं साफ कापून काढली, सुरीनं सपाट केली, मुरुमाचा कन राहू दिला न्हाई. तवा पुसला. नळी आन तुकडा दोन्हीकडनं तव्याला टेकवले. किती येळ? घड्याळ कुनाकडं? कल्हईवाल्याचं घड्याळ भाता. "वीस भाते," तो म्हनला. जहिरा मोजाय लागली, भाता मारीत. बायांनीबी मोजाय सुरू केलं. धा, अकरा, बारा. काठाला मेनाची मऊ गादी फुगून आली. आन सतराव्याला, विसाच्या आधीच, भाता वाजला, भुस्स-भुस्स. दोनदा, बारीक.

चांदभाईनं इचार केला न्हाई. तवा वढला, तोंडाला तोंड लावलं. त्याला मागनं कळलं की ऊन लई असल्यानं तवा जास्त तापला हुता, आनखी तीन भाते गेले असते तर करपलंच असतं. तिला करपायच्या आधीचा वास आलता.

मग धरून राहायचं. दाबून, पन चेपून न्हाई. येळ मोजाय जहिरानं भात्याचं तोंड भट्टीपासनं फिरवलं आन रिकामे चाळीस मारले. सहादेवानं सोता दुसरं टोक धरलं, घामाच्या धारा नाकावरनं गळत हुत्या, पुसायला हात मोकळा न्हाई. दुसरा सांधा तसाच. वरनं वल्ली पोती टाकली आन समदे तासभर वाट बघत बसले. तो तास चांदभाईला जनमाएवढा गेला.

"सोडा पानी. सावकास."

इंजान धडधडलं. नळी फुगली, थरथरली. सांध्यावर चांदभाईचा पंजा हुता. आतनं पानी गेलेलं त्याला हाताला कळलं, गार, एखादं जनावर कूस बदलतं तसं. वर टाकीत पहिली धार पडली, लोखंडावर ठनठन वाजली. सांध्याला थेंब न्हाई.

बायांनी कालवा केला. सहादेवानं पागोटं काढून कपाळ पुसलं आन जहिराकडं वळला. आवाज आता एवढासाच. "भाभी, उद्या जरा लौकर या हजेरीला. आनखी एक सांधा दावायचाय खाली."

"उद्या न्हाई," जहिरा म्हनली. "उद्या बाजार हाय. मी भात्यावर असते." हातोडा ढिगावरच पडला हुता. तो उचलायला ती गेली न्हाई. दुसरीनं उचलून ठिवला.

बाजारच्या दिशी लिंबाखाली दोघं बसली. अल्याड तो, पल्याड ती. म्होरं जुडगा टांगलेला, दिव्यात वात. गिऱ्हाईक आलं की चीज पहिली जहिराकडं. ती साल काढायची, हुंगायची, नाव घ्यायची. "मेन्या" म्हनली की चांदभाई पट्टी चांगली तापवायचा. "आंबट्या" म्हनली की मंद. "केसाळ" म्हनली की दोर जाळून टोकं वळायचा. "दवाखाना" म्हनली की हात जोडायचा, "न्हाई जमायचं भाऊ, ही भाजलेली भाकर हाय."

पुंजारामला राहवलं न्हाई. चहाची बशी घिऊन आला, डोळे मिचकावीत म्हनला, "काय चांदभाई, नाक कुठं गेलं म्हनायचं तुमचं?"

चांदभाईनं पट्टी कापसाला टेकवली, बोळा जरा पिवळा पडला.

"ते व्हय? ते बघ की," तो म्हनला. "भात्यावर बसलंय."

तेवढ्यात भुस्स-भुस्स झालं, आन त्यानं पट्टी फिरवली.